एकोणतीस हात

ते जमिनीवर उकिडवे बसायचे. उजवं कोपर स्टुलाच्या पायाला टेकवायचे आणि पंजा बागेच्या दिशेने सरळ पसरायचे. मधल्या बोटाचं टोक जिथे पोचेल तिथे मातीत नखाने रेघ ओढायचे. मग गुडघ्यावर हात देऊन उठायचे आणि म्हणायचे, "एक हात. आजचा झाला."

माझी सत्तावीस वर्षं जमिनीच्या मोजणीच्या कामात गेली. पावलांनी, काठीने, नजरेने अंतर सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं अंतर पुढच्या वेळी बदलतं. या माणसाचा हात मी तिसऱ्या दिवशी टेपने मोजला, सहाव्या दिवशी पुन्हा मोजला. दोन्ही वेळा साडेसतरा इंच भरला. मी मोजतोय हे पाहून ते हात तसाच धरून थांबले. "घ्या मोजून," म्हणाले. "म्हातारपनात हात बारीक व्हतो, आखूड नाय व्हत."

त्यांना आम्ही बाबा म्हणत होतो. तानशाच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची एक वाडी आहे, तिथले ते. आम्हाला दूध घालणाऱ्याने त्यांना आमच्याकडे धाडलं. कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

आमचं घर शहापूरच्या बाहेर, तानशाच्या रस्त्याला. घराच्या दक्षिणेला साडेतीन गुंठे मोकळी जागा आहे. तिथे माझ्या बायकोची बाग. लाल भोपळा, काकडी, कारली, शेवग्याची दोन झाडं आणि पार कुंपणाशी एक जांभूळ. बाग तिची, मी फक्त वही ठेवतो. तीन वर्षांपूर्वी भोपळ्याला एकतीस मादी फुलं आली आणि फळं धरली नऊ. बाकीची पिवळी पडून गळली. ती पहाटे उठून नर फूल तोडायची आणि एकेका मादी फुलावर टेकवायची, तेव्हा ही नऊ. पुढच्या साली पडवीत टाकून दिलेल्या जुन्या टीव्हीच्या लाकडी पेटीत मधमाश्यांनी घर केलं. सातेरी माशी, लहान, काळसर, अंधाऱ्या पोकळीत राहणारी. त्या साली चौतीस फुलं आली आणि सव्वीस फळं धरली. मी वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. पेटी घराच्या दारापासून साडेचार फुटांवर आहे हेही मला माहीत होतं. तो आकडा मी वहीत लिहिला नव्हता.

यंदा फाल्गुनात एका दुपारी बायको न्हाऊन पडवीत केस वाळवत बसली होती. एक माशी केसांत अडकली. तिने झटकली, ती मानेला चावली. एकच डंख. दहा मिनिटांत ओठ सुजले, आवाज बसला आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिला शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी एक इंजेक्शन बरोबर दिलं, ते मांडीत कसं टोचायचं हे माझ्याकडून दोनदा करवून घेतलं आणि सांगितलं, पुढचा डंख यांना सोसेलच असं नाही.

त्या दिवसापासून ती घरात. खिडकीचा गज धरून ती बाग बघायची. मी पाणी घालायचो आणि ती आतून सांगायची, पानांवर नको, बुंध्याशी घाला. ज्या बाईचे सकाळचे दोन तास मातीत जायचे, ती ते दोन तास खिडकीत उभी राहायची.

मी औषध फवारून घ्यायचं ठरवलं. माणूसही बघून ठेवला. तिने साफ नाही म्हटलं. "त्यांना मारून मी बागेत जाऊ कशाला?" म्हणाली. "गळलेली फुलं वेचायला?"

मग मी फोनवर वाचून दाराच्या दोन्ही बाजूंना गवती चहाचे बारा ठोंब लावले. त्या वासाने मधमाश्या पळतात असं लिहिलं होतं.

बाबा पहिल्यांदा आले ते फाटकाशीच थांबले. पासष्टीच्या पुढचा माणूस, अंगाने काटकुळा, खांद्यावर टॉवेल. नाकाने दोनदा वास ओढला आणि मला म्हणाले, "सायेब, तुमचा साबन लय वासाचा हाय." मला नळाशी नेऊन मातीने हात धुवायला लावले, स्वतःचेही धुतले. मग दाराशी आले. गवती चहाचं एक पातं तोडून चुरगळलं आणि कुणी लावलं म्हणून विचारलं. मी लावलं, म्हटलं.

"आमी रिकाम्या खोक्याला आतनं ह्योच चोळतो," ते म्हणाले, "माशी येवून बसावी म्हनून. तुमी त आवतन धाडलाय."

आतून बायको हसली. ठाण्याहून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. ठोंब मी त्याच संध्याकाळी उपटून कुंपणाला नेऊन लावले.

पेटी पाहायला ते लगेच गेले नाहीत. आधी खिडकीखाली उभे राहिले आणि तिला म्हणाले, "बाय, तू कुठनं कुठं जातीस, ती वाट सांग." हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी दार ते पेटी एवढंच मोजत होतो. तिने सांगितलं. मागचं दार, मग धुण्याचा दगड, मग शेवगा, मग भोपळ्याचा मांडव. ते एकेक जागा बोटांवर मोजत त्या वाटेने चालत गेले आणि तिचं पाऊल पडत नाही अशा जागेशी थांबले. जांभळाखाली. पेटी इथे आणायची, म्हणाले.

बागेतल्या फुलांवर मग माश्या येणारच ना, असं मी विचारलं. त्यांनी मला भोपळ्याच्या फुलाजवळ नेलं. फुलात एक माशी अंगभर पराग माखून लोळत होती. त्यांनी बोट तिच्या अगदी जवळ नेलं. तिने लक्षही दिलं नाही. फुलावरची माशी कामात असते, तिला दाबलं नाही तर ती चावत नाही, चावते ती स्वतःच्या दारात, तिथे ती राखण करते, असं त्यांनी समजावलं. बायको खिडकीतून ऐकत होती. आपण बागेत पुन्हा जाऊ शकू हे तिला त्या क्षणी पटलं, असं ती नंतर म्हणाली.

पाण्याचंही त्यांनीच पाहिलं. उन्हाळ्यात माश्या आमच्या गळक्या नळावर झुंबड करायच्या. मी नळ त्याच दिवशी दुरुस्त करायला निघालो तेव्हा त्यांनी हात धरला. आधी जांभळाजवळ मातीची परात ठेवली, तिच्यात नारळाची शेंडी आणि खडे घातले, चिमूटभर मीठ टाकलं. तीन दिवस दोन्हीकडे पाणी चालू. माश्या परातीवर बसायला लागल्या तेव्हा म्हणाले, आता करा तुमचा नळ बंद. दारातल्या तुळशीला त्यांनी हलवू दिलं नाही, पण तिच्या मंजिऱ्या रोज सकाळी खुडायला सांगितल्या. दाराच्या कडेला फुलणारं काही ठेवू नका, अळू लावा, म्हणाले. अळू आम्ही लावलं, आणि खाल्लंही.

आणि मग पेटी. ती एका स्टुलावर ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले. रोज सूर्य बुडाल्यावर, सगळ्या माश्या आत आल्या की बाबा पेटीच्या तोंडाला फडकं लावायचे, आम्ही दोघं मिळून स्टूल एक हात पुढे सरकवायचो आणि फडकं काढायचो. पेटीचं तोंड कायम पूर्वेला. एक हातापेक्षा जास्त नाही. जास्त नेली तर बाहेरून आलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घर शोधत बसतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पेटी ते जांभूळ बेचाळीस फूट. साडेसतरा इंचांनी भागलं तर अठ्ठावीस पूर्णांक आठ. म्हणजे एकोणतीस दिवस. मी तो आकडा त्यांना सांगितला. "असंल," ते म्हणाले.

ते संध्याकाळच्या जीपने यायचे आणि दुधाच्या गाडीवरून परत जायचे. जाताना बायको खिडकीतून सांगेल ती भाजी तोडून न्यायचे. बसायचे ते खिडकीखालीच. "आज डोकीला काय लावला, बाय?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. एकदा तिने माहेरून आलेलं मोगऱ्याचं तेल लावलं होतं. ते तोंड फिरवून बसले. म्हणाले, मला बी फूल वाटाया लागलीस, त्यांचा काय दोष. तिने केस पुन्हा धुतले. तिच्या वडिलांनी असं सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, हे मी खात्रीने सांगतो.

मला ते चिमटे काढायचे. मी वही उघडली की, "लिवा, लिवा. वही भरली म्हंजे मध येल." खोकला त्यांना पहिल्या दिवसापासून होता. पेटीजवळ आला की ते तोंडात टॉवेल कोंबायचे आणि खांदे हलत राहायचे. मी समजलो, चुलीच्या धुराचा असेल.

अकरा हात झाले. बाराव्या दिवशी ते आले नाहीत, तेराव्याही दिवशी नाहीत, चौदाव्याही नाहीत. तसं झालं तर काय करायचं हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "मी नाय आलो त तुमी हलवू नका. ती हाय तिथं ऱ्हायली त काय बिघडत नाय."

चौदाव्या दिवशी दुपारी मुरबाडच्या बाजूने वळिवाचे ढग आले. पेटी धुण्याच्या दगडाशेजारी उघड्यावर होती. मी वही काढली. तीन दिवसांची तूट तीन हात. ढग असेच राहिले तर पुढे दोन-तीन दिवस जातील, ते आधीच भरून काढू, आणखी तीन. एकूण सहा हात, म्हणजे आठ फूट नऊ इंच. शेतात मोजणी राहिली तर दुसऱ्या दिवशी जास्त करून आम्ही भरून काढतोच. त्या संध्याकाळी शेजाऱ्याला हाक मारून मी पेटी सहा हात पुढे नेली. पाऊस पडला नाही.

सकाळी मी बायकोला सांगितलं, पेटी आता सतराव्या हातावर आहे, धुण्याचा दगड मोकळा झाला, तू जाऊ शकतेस. अशाच शब्दांत सांगितलं. तिने कपड्यांची बादली उचलली आणि दोन महिन्यांनी मागच्या दाराच्या बाहेर पडली.

माश्या सकाळी चरायला गेल्या होत्या. त्या परतल्या त्या अकराव्या हातावर. तिथे पेटी नव्हती. तिथे माझी बायको होती, ओला कपडा हातात घेऊन. मी दारातून पाहिलं तेव्हा दगडावर, बादलीवर, तिच्या पाठीवर, केसांवर माश्या बसत होत्या. शंभरेक असतील. मोजण्याच्या स्थितीत मी नव्हतो. ती ताठ उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मी इंजेक्शन हातात घेतलं आणि उंबऱ्यावरच राहिलो. पुढे गेलो तर त्या उठतील, नाही गेलो तर काय, हे मला सुचेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा अंगात ताप घेऊन फाट्यापासून चालत आले होते. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं. घाई केली नाही. नळावर टॉवेल भिजवला, चालत तिच्यापाशी गेले. "बाय, खाली बस. हळू. डोळे मीट." ती बसली. त्यांनी ओला टॉवेल तिच्या डोक्यावरून मानेपर्यंत सोडला, सदरा काढून तिच्या हातांवर घातला आणि उघड्या अंगाने तिच्यावर वाकून बसले, कोंबडी पिलांवर बसते तसे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायेब, पेटी आना. भरली घागर आनता तसी आना. पळू नका."

आठ फूट नऊ इंच मी पेटी घेऊन चाललो. आयुष्यात इतकं लांब अंतर मी मोजलेलं नाही. दगडाजवळ पेटी ठेवली, तोंड पूर्वेला केलं. माश्या आत जायला लागल्या. वीस मिनिटांनी बाबा उठले आणि बायकोला हाताला धरून घरात घेऊन गेले.

तिला एकही डंख नव्हता. मला तीन होते. त्यांच्या पाठीवर आणि खांद्यावर चौदा. मी नखाने एकेक काटा खरवडून काढला, म्हणून आकडा माहीत आहे. बायको माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बाबांनी कोरा चहा घेतला, खूप वेळ खोकले आणि मग मला म्हणाले, "मोज तुमची बराबर हाय. पन त्यांना काल आपन कुठं व्हतो येवढाच म्हायत."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक हात. ते आणखी आठ दिवस आले. रेघ ओढून उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायला लागले. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर, पेटी जाऊ द्या जागेवं, मंग जाऊ, म्हणायचे. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

एकोणीस हातांवर ते यायचे थांबले. मी दोन दिवस पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही करा. एकच हात." माझा हात सव्वाअठरा इंच भरतो. म्हणून बांबूची साडेसतरा इंचांची एक काठी कापली आणि त्या काठीने दहा दिवस मोजलं. एकोणतिसाव्या हाताला पेटी जांभळाखाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको भोपळ्याच्या मांडवात शिरली. डोक्याला तेल नाही, हाताला साबण नाही. फुलांत माश्या लोळत होत्या आणि ती त्यांच्यामधून पिवळी पानं खुडत होती. चाळीस मिनिटं ती तिथे होती. मी खिडकीत उभा होतो.

त्याच दिवशी काकड्या आणि कारली पिशवीत भरून आम्ही बाबांना सांगायला निघालो. त्यांच्या वाडीला मी पहिल्यांदाच जात होतो. दारात त्यांची बायको एकटी बसली होती. आम्ही कोण हे तिने पिशवीवरून ओळखलं.

ते जाऊन आठ दिवस झाले होते. वाडीतल्यांनी दवाखान्यात न्यायला गाडी आणली होती, पण ते तिच्यात बसले नाहीत. शेवटी शेवटी पडवीतच झोपून असायचे, असं तिने सांगितलं. रोज दिवस बुडाला की विचारायचे, आज पेटी कुठं आली असंल. तिला कसं माहीत असणार. मग आपणच सांगायचे, आज शेवग्यापाशी असंल.

"मी म्हनलं, तुमी नाय त कोन सरकवतंय," ती म्हणाली. "त म्हनं, सायेब हाय ना. सायेब आता उडी नाय मारनार."

मी मनात दिवस मोजले. ते थांबल्यावर मी दोन दिवस वाट पाहिली होती, ते दोन त्यांनी धरले नव्हते. म्हणजे ते गेले त्या संध्याकाळी त्यांच्या हिशेबाने पेटी चोविसाव्या हातावर होती आणि माझ्या बागेत ती बाविसाव्या हातावर होती.

पुढे मी शहापूरच्या एका डॉक्टरांना विचारलं, छाती आधीच खराब असलेल्या माणसाला अंगात ताप असताना चौदा डंख झाले तर काय होतं. छातीचंच दुखणं असणार, डंखामुळे असं काही म्हणता येणार नाही, ते म्हणाले. डंखामुळे नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. ते मी लिहून ठेवलं आहे.

त्या दिवशी त्या दारात मी पिशवी खाली ठेवली आणि उभा राहिलो. वळचणीला दोन दोऱ्यांनी एक पोकळ ओंडका टांगलेला होता, ओट्यावर बसणाऱ्याच्या डोक्यापासून जेमतेम हातभर वर. त्याच्या भोकातून सातेरी माश्या आतबाहेर करत होत्या. तिने तो ओंडका काढला नव्हता. तिचा पदर तोंडावर होता आणि शेजारी ओट्यावर एका माणसापुरती जागा होती. माझ्या बायकोने वर पाहिलं. मीही पाहिलं. मग ती पायरी चढली, त्या जागेवर बसली आणि तिने त्या म्हातारीचा हात आपल्या मांडीवर घेतला.